छप्पन टक्के डिस्क काही न सांगताच गेल्या

पीएचडीला येऊ पाहणाऱ्या मुलांशी बोलताना एक विषय हमखास निघतो. "मॅडम, मशीन लर्निंग वापरून बिघाडाची आगाऊ सूचना द्यायचीय." यंत्र कुठलंही असो, बॅटरी, पॉवर सप्लाय, सर्व्हर नाहीतर हार्ड डिस्क. विषय मोहात पाडणाराच आहे. डेटा फुकट मिळतो, मॉडेल तयार मिळतात आणि उपयोग काय हे घरच्यांनाही दोन वाक्यांत समजावता येतं. माझं काम याच गल्लीतलं, त्यामुळे मी कुणाला नको म्हणत नाही. फक्त आधी एक पेपर वाचायला देते. २००७ चा आहे. आज तोच तुमच्यासमोर उलगडते. त्याचं कौतुक करायचंय आणि त्याच्याशी थोडं भांडायचंही आहे.

पेपर गूगलच्या तिघांचा: एदुआर्दो पिन्हेरो, वोल्फ-डिट्रिश वेबर आणि लुईझ आंद्रे बारोसो. युसेनिक्सच्या 'फास्ट' परिषदेत तो आला. विषय साधा. गूगलच्या डेटा सेंटरमधल्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्क, त्यातल्या कुठल्या गेल्या, आणि जाण्याआधी त्या काही सांगत होत्या का?

'सांगत होत्या' म्हणजे काय, ते आधी बघू. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची एक वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालू होती, तापमान किती, किती वेळा वाचताना चूक झाली, असे बरेच आकडे त्यात असतात. यातले काही आकडे बोलके असतात. डिस्कवरचा एखादा सेक्टर खराब झाला की डिस्क तो बाजूला टाकते आणि राखीव सेक्टर वापरायला घेते. अशी प्रत्येक अदलाबदल वहीत मोजली जाते. कधी सेक्टर पक्का खराब नसतो, नुसता संशय असतो, तेही वेगळं मोजलं जातं. शिवाय डिस्क फावल्या वेळात स्वतःचा पृष्ठभाग चाचपून बघते, त्यात सापडलेल्या चुका वेगळ्या. कारखान्याने प्रत्येक आकड्याला एक मर्यादा घालून दिलेली असते. ती ओलांडली की कंप्युटर म्हणतो, बॅकअप घ्या. तुमच्यापैकी काहींनी ती सूचना पाहिली असेल, आणि माझ्यासारखी दुर्लक्षितही केली असेल.

गूगलच्या मंडळींना काय दिसलं? चाचपणीत पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट. पहिली अदलाबदल झाली की १४ पटीहून जास्त. म्हणजे लक्षणं खरी आहेत. वाचणारा इथपर्यंत खूश असतो. पुढे तो आकडा येतो, ज्यासाठी मी हा पेपर वाचायला देते. ज्या डिस्क प्रत्यक्षात गेल्या, त्यातल्या ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कच्या वहीत या चार मुख्य लक्षणांपैकी एकही नोंद नव्हती. चारही रकान्यांत शून्य. तापमान सोडून बाकीचे सगळे आकडे धरले, तरी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्क कोऱ्या वहीनेच गेल्या.

हे दोन निकाल एकत्र वाचा. लक्षण दिसलं तर घाबरायला हवं, हे पहिला निकाल सांगतो. लक्षण दिसलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, हे दुसरा सांगतो. आपल्याकडचे प्रोजेक्ट रिपोर्ट बहुतेक पहिल्या वाक्यावर थांबतात. लेखकांनी मात्र दुसऱ्यावरून स्पष्ट निष्कर्ष काढला. नुसत्या स्मार्टच्या आकड्यांवर एकेका डिस्कचं भविष्य सांगणारं मॉडेल फारसं कामाचं ठरणार नाही. मोठ्या साठ्यात एकूण किती जातील, याचा अंदाज बांधायला हे आकडे ठीक. एवढा डेटा हाताशी असताना 'आमचं जमलं नाही' असं छापणं सोपं नाही. आज हाच डेटा कुणाच्या हाती लागला तर मथळा ३९ पटीचा होईल आणि ५६ टक्के चौथ्या तक्त्यात जातील.

आता भांडण.

पहिलं म्हणजे '३९ पट' हा आकडा. पेपरमध्ये तो बरोबरच आहे, पण एकटा सुटला की फसवतो. पट म्हणजे कशाच्या पट? हिशोबापुरतं धरू की चूक नसलेल्या १००० डिस्कपैकी ६० दिवसांत ४ जातात. त्याच्या ३९ पट म्हणजे १५६. म्हणजे चूक सापडलेल्या १००० डिस्कपैकी ८४४ दोन महिन्यांनंतरही चालूच! या हजारही बदलल्या तर ८४४ चांगल्या डिस्क भंगारात. एकही बदलली नाही तर १५६ ठिकाणी डेटा धोक्यात. यातलं कुठलं परवडतं, हे संख्याशास्त्र सांगत नाही. डिस्कची किंमत, दुसरी प्रत आहे की नाही, रात्री दोन वाजता जाऊन ती बदलणारा माणूस आहे की नाही, यावर ते ठरतं. पेपर या बाजूला फारसा वळत नाही. गूगलकडे प्रत्येक गोष्टीच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे एक डिस्क जाणं त्यांच्यासाठी किरकोळ. एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या एकुलत्या एका सर्व्हरचं गणित वेगळं. पेपर वाचताना लेखक कुठल्या खुर्चीत बसून 'उपयोगी' आणि 'निरुपयोगी' म्हणताहेत, ते बघत जा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. कुठल्या कंपनीच्या आणि कुठल्या मॉडेलच्या डिस्क किती गेल्या, हे लेखकांनी सांगितलेलं नाही. बिघाडाचं प्रमाण मॉडेल, कंपनी आणि उत्पादनाची बॅच यांवर खूप अवलंबून असतं, हे ते स्वतःच मान्य करतात, पण विभागणी दाखवत नाहीत. पहिल्या वर्षातल्या डिस्कचं वार्षिक बिघाडाचं प्रमाण १.७ टक्के आणि तीन वर्षं जुन्या डिस्कचं ८.६ टक्क्यांहून जास्त, असा त्यांचा तक्ता आहे. वाचणारा पटकन म्हणतो, म्हातारपण. पण तीन वर्षं जुन्या डिस्क म्हणजे तीन वर्षांपूर्वी विकत घेतलेली वेगळी मॉडेलं. वय वाढलं म्हणून गेल्या, की मुळातच कमअस्सल होत्या? या तक्त्यावरून सांगता येत नाही, आणि लेखकांनीही तसा इशारा दिलाय. तो इशारा मात्र नंतर या तक्त्याचा दाखला देणाऱ्यांच्या गावीही नसतो.

तापमानाचंही तेच. जास्त तापमान म्हणजे जास्त बिघाड, हे सरसकट समीकरण त्यांच्या डेटात दिसलं नाही. अगदी चढं तापमान आणि जुन्या डिस्क एकत्र आल्या तिथेच ते थोडं दिसलं. 'गूगलने सिद्ध केलंय की गरमीने डिस्क जात नाही' असं मी सेमिनारमध्ये ऐकलंय. तसं त्यांनी सिद्ध केलेलं नाही. त्यांनी डेटा सेंटरमधल्या, थंडावा राखलेल्या जागेतल्या डिस्क पाहिल्या. मे महिन्यात नागपुरात पत्र्याखालच्या दुकानात चालणाऱ्या कंप्युटरबद्दल हा डेटा गप्प आहे.

तिसरा मुद्दा 'गेली' या शब्दाचा. पेपरच्या व्याख्येप्रमाणे, दुरुस्तीच्या कामात जी डिस्क बदलली ती गेली. ही व्याख्या व्यवहाराची आहे आणि त्यांनी ती लपवलेली नाही. पण बदललेली प्रत्येक डिस्क बिघडलेली असतेच असं नाही. परत गेलेल्या डिस्क कारखान्यात तपासल्यावर बऱ्याच वेळा 'दोष आढळला नाही' असा शेरा मिळतो. आणि ज्या खरंच बिघडल्या, त्यांची कारणंही एक नाहीत. पृष्ठभाग हळूहळू खराब होत गेला तर सेक्टरचे आकडे वाढतील. पण व्होल्टेज उसळून कंट्रोलर बोर्ड जळला किंवा एखादा सोल्डरचा जोड तडकला, तर सेक्टर मोजणाऱ्या रकान्यांत काय उमटणार? काही नाही. ५६ टक्क्यांच्या मौनाचा काही भाग असा असणार, असं माझं वाचन. पेपरमध्ये कारणांची फोड नसल्याने ते तपासता येत नाही. एवढं मात्र यातून घ्या: काही बिघाडांना पूर्वलक्षण असतं, काहींना नसतं, किंवा असतं पण आपला सेन्सर तिकडे बघतच नसतो. मॉडेल कितीही खोल केलं तरी न मोजलेली गोष्ट त्याला दिसणार नाही. २०२० मध्ये याच 'फास्ट' परिषदेत आलेल्या एका कामाने ६४ ठिकाणच्या ३,८०,००० डिस्क घेतल्या आणि स्मार्टच्या जोडीला डिस्कच्या कामाचा वेग, तिची रॅकमधली जागा असा डेटा घातला, तेव्हा अंदाज बरेच सुधारले. म्हणजे २००७ चा निराश निष्कर्ष 'नुसत्या स्मार्टपुरता' होता. त्या 'नुसत्या'कडे नीट बघा.

(जाता जाता: त्याच २००७ च्या परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा पेपर होता. डिस्कच्या माहितीपत्रकावर सरासरी आयुष्य १० लाख तास छापलेलं असतं, त्याचा अर्थ काय? त्यावरून वर्षाला ०.८८ टक्के डिस्क जायला हव्यात. प्रत्यक्षात बदलण्याचं प्रमाण २ ते ४ टक्के सर्रास, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. हे दोन्ही पेपर एका बैठकीत वाचण्यासारखे आहेत.)

आता थोडं मागे जाऊ. २००५ मध्ये मरे, ह्यूज आणि क्रॉइट्झ-डेल्गाडो यांचा याच विषयावर मशीन लर्निंगचा पेपर आला. या क्षेत्रातल्या कित्येक थीसिसच्या दुसऱ्या प्रकरणात तो भेटतो. त्यात ३६९ डिस्क होत्या, १७८ चांगल्या आणि १९१ बिघडलेल्या. इथेच थांबा. निम्म्याहून जास्त बिघडलेल्या? जगात असं कुठे असतं? शंभरातल्या एक-दोन किंवा चार जातात. पण खरी मेख पुढे आहे. चांगल्या डिस्कचा डेटा कारखान्याच्या चाचणीतला, नियंत्रित वातावरणातला. बिघडलेल्या डिस्क ग्राहकांनी परत केलेल्या. मग मॉडेल काय शिकतं? चांगली आणि बिघडत चाललेली यातला फरक, की कारखाना आणि घर यातला फरक? हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. लेखकांनी तो स्वतःच पेपरमध्ये लिहून ठेवलाय. त्यांचा डेटासेट नंतर अनेकांनी वापरला, आकडे वर वर गेले, आणि ती कबुली वाटेत कुठेतरी गळाली.

आज सगळे बॅकब्लेझचा डेटा वापरतात. ही अमेरिकेतली साठवणुकीची कंपनी २०१३ पासूनचा रोजचा डेटा खुला करते, ही गोष्ट मोठीच. प्रत्येक डिस्कची रोज एक ओळ: तारीख, सिरियल नंबर, मॉडेल, स्मार्टचे आकडे, आणि शेवटी बिघाडाचा रकाना, शून्य किंवा एक. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःचे आकडे दिले. ते पाच स्मार्ट आकड्यांवर लक्ष ठेवतात. बिघडलेल्या डिस्कपैकी ७६.७ टक्क्यांत यातला किमान एक आकडा शून्याच्या वर होता. चालू डिस्कमध्ये हे प्रमाण ४.२ टक्के.

गूगलपेक्षा बरं दिसतंय ना? मलाही दिसलं होतं. मग मी त्यांची 'बिघाड'ची व्याख्या वाचली. डिस्क पूर्ण बंद पडली तर बिघाड, किंवा लवकरच बंद पडेल असा पुरावा दिसला म्हणून काढली, तरी बिघाड. आणि हा पुरावा कुठला? त्यात स्मार्टचेच आकडे. म्हणजे काही डिस्कना 'बिघडली' हे लेबल मिळालंय ते स्मार्टचे आकडे वाढले म्हणून. आणि आपण स्मार्टच्या आकड्यांवरून ते लेबल ओळखायला मॉडेलला शिकवतो, मग ते ओळखतं म्हणून टाळ्या वाजवतो. मास्तरांनीच उत्तरपत्रिकेवर खूण करून ठेवावी आणि मग निकाल चांगला लागला म्हणून पेढे वाटावेत, तशातला हा प्रकार. यातला किती भाग खरं भाकीत आणि किती भाग स्वतःचीच शेपूट पकडणं, हे वेगळं काढायचं तर 'बंद पडली' आणि 'काढून टाकली' या दोन गोष्टी वेगळ्या नोंदलेल्या हव्यात. रकाना मात्र एकच आहे. कंपनीला दोष नाही. त्यांनी हा डेटा त्यांच्या कामासाठी ठेवलाय, आपल्या थीसिससाठी नाही. दोष व्याख्येचं पान न उघडणाऱ्या आपला.

'आपला' म्हणताना मी हवेत बोलत नाही. पहिल्या वर्षी मी याच डेटावर मॉडेल बसवलं. बिघडलेल्या डिस्कच्या शेवटच्या ३० दिवसांच्या ओळी घेतल्या, तेवढ्याच चांगल्या ओळी घेतल्या, सगळं पिसलं, ऐंशी टक्के ट्रेनिंगला आणि वीस टक्के टेस्टला. अचूकता नव्वदीच्या बरीच पुढे. परिषदेला पाठवायचा मजकूर तयार, गाईडही खूश. लॅबमधल्या सीनिअर ताईला दाखवलं. तिने मॉडेलबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, "टेस्टमधल्या डिस्क ट्रेनिंगमध्ये नव्हत्या ना गं?"

होत्या. ओळी पिसल्या होत्या, डिस्क नाही. एकाच डिस्कची १२ तारखेची ओळ ट्रेनिंगमध्ये आणि १३ तारखेची टेस्टमध्ये. स्मार्टचे बरेच आकडे साठत जाणारे असतात, कालचा आणि आजचा यात फरक नाममात्र. मॉडेलने बिघाडाची लक्षणं नव्हे, एकेक डिस्क पाठ केली होती. चालू राहिल्याच्या तासांवरून ते तिला चेहऱ्यासारखं ओळखत होतं. मग डिस्कप्रमाणे विभागणी केली, ट्रेनिंगला आधीचे महिने आणि टेस्टला नंतरचे ठेवले, चांगल्या-वाईटाचं प्रमाण खऱ्यासारखं केलं. त्या आकड्याची जी अवस्था झाली, ती गाईडना सांगायला मला दोन दिवस लागले. ते ओरडले नाहीत. "बरं झालं, आत्ता कळलं," एवढंच म्हणाले.

प्रमाण खऱ्यासारखं केल्यावर काय होतं, ते एकदा स्वतः कागदावर करून बघा. एक लाख डिस्क. वर्षाला २ टक्के जातात असं धरा, म्हणजे महिन्याला साधारण १६७. तुमचं मॉडेल त्यातल्या ९० टक्के पकडतं: १५०. चांगल्या डिस्कवर खोटा इशारा फक्त १ टक्का: सुमारे १०००. म्हणजे महिन्याला ११५० इशारे आणि त्यातले खरे १५०. दर आठ इशाऱ्यांत जेमतेम एक. तंत्रज्ञ दुसऱ्या आठवड्यात इशारे बघणं सोडून देईल, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही सोडलं असतं. उलट, 'एकही डिस्क जाणार नाही' असं डोळे मिटून सांगणाऱ्या मॉडेलची अचूकता ९९.८ टक्के येते! म्हणून या विषयातल्या पेपरमध्ये नुसती अचूकता दिसली की मी मागचं पान उलटून खोट्या इशाऱ्यांचा दर शोधते. नसेल, तर पेपर बाजूला ठेवते.

वेळेचा प्रश्न तर बहुतेक जण घेतच नाहीत. इशारा किती आधी मिळाला? डिस्क शेवटच्या दिवशी चुकांचा पाऊस पाडत असताना मॉडेल म्हणालं 'ही जाणार', तर ते कुणालाही दिसत होतं. मोठ्या डिस्कवरचा डेटा दुसरीकडे हलवायला तास नाही, कधी कधी दिवस लागतात. तेवढा अवधी न देणारी सूचना आगाऊ म्हणता येत नाही. २००७ च्या पेपरने ६० दिवसांची खिडकी धरली, निदान ती स्पष्ट लिहिली. नंतरच्या कितीतरी कामांत खिडकी कुठली, हे शोधावं लागतं.

त्या पेपरबद्दलचं माझं शेवटचं मत विचाराल, तर मॉडेलची नावं लपवणं मला आजही खटकतं. कंपन्यांचे करार असतात, समजू शकते. पण त्यामुळे वय, तापमान, वापर या तिन्ही तक्त्यांवर एक सावली पडून राहिली आणि ती दुसऱ्या कुणाला पुसता येत नाही. तरीही मी नव्या मुलांना तोच पेपर देते, कारण त्यात ते ५६ टक्के उघडे ठेवलेत. सध्या मी माझ्या चुकलेल्या डिस्कची यादी घेऊन बसते. मॉडेलने 'ठीक' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गेली, अशी एकेक डिस्क उघडते आणि तिची आधीची ९० दिवसांची वही वाचते. बहुतेकांत काही नसतं. काल एका मॉडेलच्या चार डिस्क सापडल्या, चौघींच्या वहीत जाण्याआधी दोन दिवसांच्या ओळीच गायब होत्या. डिस्क तेव्हा उत्तर देत नव्हती, की त्या दिवशी डेटा गोळा करणारा प्रोग्रामच बंद होता? चारही वेगवेगळ्या तारखांच्या आहेत. त्याच दिवशीच्या शेजारच्या डिस्कच्या ओळी आहेत का, ते आज बघायचंय.